डबलसीट मिस्त्रींचं वजन

चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. छपाईला जाणाऱ्या पुस्तकांची मुद्रितं मी घरी बसून तपासतो. तीस वर्षं हेच केल्यामुळे माझा स्वभाव कसा झाला आहे, हे मी सोडून ओळखीतल्या सगळ्यांना माहीत आहे. हॉटेलात गेलो तर मी आधी मेनूकार्डातले चुकलेले ऱ्हस्व-दीर्घ वाचतो आणि मग भूक लागली असेल तर पदार्थ. तेव्हा मी एखाद्याचं तोंड भरून कौतुक करायला बसलो आहे, म्हणजे तसंच काही घडलं असणार, एवढं समजून घ्या.

आमच्या घरात आम्ही दोघंच, माझी थोरली बहीण आणि मी. ताई वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानात जायचं, आपली पितळी वजनं त्यांच्या काट्यावर ठेवायची आणि काटा खरं सांगतो की थापा मारतो ते बघायचं, हे तिचं काम. चणीने एवढीशी, वजन सेहेचाळीस किलो, पण ती बाजारात शिरली की तिच्या तिप्पट आकाराचे व्यापारी गल्ल्यावरून उठून उभे राहतात. बाजार लांबलांबचे, गल्ल्या अरुंद आणि बस कुठल्याच दारापर्यंत जात नाही. त्यामुळे अठरा वर्षं माझ्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर ती आणि टाकीवर, माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये, तिची वजनांची लाकडी पेटी, अशी आमची वरात चालायची. मी गाडी चालवायचो आणि ती काम करायची. गाडी साधीच, ऑफिसला जाणाऱ्या लाखो लोकांकडे असते तशी.

गेल्या वर्षी ताईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. नंतर आठ महिने तिला ऑफिसातल्या दप्तरखोलीत बसवलं होतं. तिथे जुने कागद नव्या फायलींत घालायचे आणि नव्या फायली जुन्या कपाटांत ठेवायच्या. मग एक दिवस वरिष्ठांनी सांगितलं की एक तारखेपासून बाजारात जाणार असाल तर जा, नाहीतर ती जागा दुसऱ्याला देऊन तुम्हाला निवृत्तीपर्यंत इथेच ठेवावं लागेल. निवृत्तीला चार वर्षं होती. डॉक्टर म्हणाले, गाडीवर बसायला हरकत नाही, पण धक्के बसता कामा नयेत. पाठीत पुन्हा कळ आली तर बाहेरचं काम कायमचं विसरा. एक तारखेला दहा दिवस उरले होते. ताईने तक्रार केली नाही, पण ती दिवसेंदिवस मिटत चालली होती आणि ते मला बघवत नव्हतं.

म्हणून एका संध्याकाळी तिला मागे बसवून मी सावकाश निघालो. कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर गाडीचा मागचा भाग खाडकन खाली आदळला. ताई उतरली, पदर सारखा केला आणि घरापर्यंत चालत आली.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्री शोधायला निघालो. मिस्त्री लोकांवर माझा विश्वास शून्य. त्यांनी 'काम झालं' म्हटलं की मी जमिनीवर उरलेले नट मोजतो. पण तीन वेगवेगळ्या माणसांनी एकच नाव सांगितलं, आणि तेही नाव नव्हतंच. सगळे म्हणाले, "मागचा शॉकअप म्हणताय? मग डबलसीटकडे जा."

डबलसीट मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे एका पत्र्याच्या शेडचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्यात त्यांच्या पत्नीचं शिवणकामाचं दुकान. मध्ये भिंत नाही, फक्त एक पडदा, तोही बहुतेक वेळा बाजूला सारलेला. इकडे ग्रीसचा वास, तिकडे शिलाई मशीनची घरघर. मिस्त्री साठीच्या घरातले, गोल चेहऱ्याचे आणि पोटाने बऱ्यापैकी पुढे आलेले. तोंडात सतत शेंगदाणे. मी गाडीचं गाऱ्हाणं सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी ते ऐकलंच नाही. हात पुसले, माझ्या मागच्या सीटवर बसले, दोन्ही हात छातीशी घडी करून घेतले, डोळे मिटले आणि म्हणाले, "चला."

ही त्यांची पद्धत, आणि नाव पडलं ते यावरूनच. आलेली कुठलीही गाडी ते आधी उघडत नाहीत. मालकाला चालवायला लावतात आणि स्वतः मागे बसतात. रस्ताही ठरलेला. पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, वाटेत तीन गतिरोधक, एक खचलेलं गटाराचं झाकण आणि शेवटी खडीचा पट्टा. मला भर रस्त्यातून त्या अवजड गृहस्थांना मागे घेऊन जाताना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी प्रत्येक खड्ड्यात कण्हत होती. मिस्त्री मात्र समाधी लागल्यासारखे बसलेले.

हे खूळ त्यांना कसं लागलं ते त्यांनीच नंतर काम करता करता सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी एक माणूस गाडी घेऊन आला. मिस्त्रींनी स्वतः चालवून पाहिली आणि गाडी उत्तम आहे असं सांगून टाकलं. त्या माणसाची बायको बाजूला उभी होती. ती म्हणाली, दादा, एकदा मागे बसून बघा. ते बसले आणि शंभर पावलांत त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. तेव्हापासून त्यांनी ठरवून टाकलं. "पुढच्याला धरायला हँडल असतं," ते मला म्हणाले. "खड्डा दिसला तर तो वळवतो, उठतो, सावरतो. मागच्याला काहीच दिसत नाही. आणि गॅरेजमध्ये येतो कोण, तर पुढचा."

मी चुका शोधणारा माणूस. या बोलण्यात मला एकही चूक सापडली नाही आणि त्यामुळे मी जरा अस्वस्थच झालो.

निदान त्यांनी गाडीवरून उतरता उतरता सांगितलं. डाव्या शॉकअपचं तेल गळून गेलंय, उजव्याच्या खालच्या डोळ्यातलं, म्हणजे बोल्टाच्या भोकातलं, रबर संपलंय, चाक धरणारा मधला फोर्क मात्र ठणठणीत. मी हुशारी दाखवायला गेलो, की उजव्याचं नुसतं रबर बदललं तर? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, ज्या नजरेने मी 'आशीर्वाद'मधला रफार विसरणाऱ्या लेखकाकडे पाहतो. म्हणाले, एक पाय नवा आणि एक जुना असलेला माणूस तुम्ही पाहिलाय का? जोडीनेच बदलायचे.

मग दुसऱ्या दिवशी मी दोन तास स्टुलावर बसून त्यांचं काम पाहिलं. आदल्या दिवशीच त्यांनी गंजलेल्या नटांवर तेल सोडून ठेवलं होतं. मधल्या स्टँडवर गाडी उभी केली, मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवला आणि एका वेळी एकच बाजू सोडली, म्हणजे चाक लोंबकळत नाही. निघालेल्या चकत्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने एका तारेत ओवल्या. नव्या शॉकअपचा बोल्ट भोकाशी जुळेना, तेव्हा एखाद्याने हातोडा उचलला असता. त्यांनी चाक तळव्याने केसभर वर उचललं आणि बोल्ट आपणहून आत गेला. नट आवळले, पण पुरते नाहीत. गाडी स्टँडवरून खाली घेतली, मला वर बसवलं आणि मग शेवटचा पीळ दिला. का, तर हवेत आवळलं की आतलं रबर पिळवटलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं. शेवटी चारही नटांवर पिवळ्या रंगाचा एकेक ठिपका दिला. नट कधी ढिला झाला तर ठिपका तुटलेला दिसतो. माझ्या तीस वर्षांच्या धंद्यात इतकी निर्दोष दोन पानं मी वाचलेली नाहीत.

राहिला स्प्रिंगचा ताण. शॉकअपच्या खालच्या टोकाला पाच खाचांचं एक कडं असतं. ते फिरवलं की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते, म्हणजे गाडी कडक होते. कुठल्या खाचेवर ठेवायचं हे मिस्त्री स्वतःच्या बसण्यावरून ठरवत. मालक पुढे, ते मागे, आणि त्यांच्या पत्नी गळ्यातली टेप काढून खाली वाकून मोजणार. गाडी बरोबर दोन बोटं खाली बसली पाहिजे. माझ्या गाडीला चौथ्या खाचेवर दोन बोटं भरली. आम्ही टाकीपर्यंत फेरी मारली. मिस्त्री डोळे मिटून म्हणाले, "लोणी."

रविवारी सकाळी मी ताईला मागे बसवलं. सराव पुरा व्हावा म्हणून टाकीवर वजनांची पेटीही घेतली. पहिल्याच गतिरोधकावर ताई सीटवरून उडाली आणि दणकन परत आपटली. जुनी गाडी खाली आदळायची, ही वर फेकत होती. मी थांबलो तर तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. एक तारखेला चारच दिवस होते.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ताई नको नको म्हणत असताना मी गाडी ढकलत गॅरेजवर नेली. ती मागून चालत आली. मी मिस्त्रींना नाही नाही ते बोललो. त्यांचं कौतुक केल्याचा मला फार राग आला होता, आणि तो मी त्यांच्यावरच काढला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मागे बसले, टाकीपर्यंत फेरी मारून आले आणि शांतपणे म्हणाले, गाडी बरोबर आहे. त्यांच्या पत्नीने टेप लावली. दोन बोटं, ना कमी ना जास्त. ते खरंच बोलत होते आणि ताईची पाठही खरंच बोलत होती. माझ्या अकलेने तिथे हात टेकले.

ताई स्टुलावर बसून टेपकडे बघत होती. तिने त्यांना विचारलं, की ही दोन बोटं कशावरून ठरवता?

मिस्त्री म्हणाले, माझ्या वजनावरून. मी बासष्ट किलो. साधारण मागे बसणारं माणूस तेवढंच असतं. म्हणून तर माझा अंदाज चुकत नाही.

ताईने चष्मा नाकावर खाली घेतला. हे तिने केलं की बाजारात भल्याभल्यांची पाचावर धारण बसते. "हे बासष्ट किलो तुम्ही शेवटचं कधी तपासलं होतं?"

मिस्त्री आठवू लागले. आठवता आठवता त्यांची नजर स्वतःच्या पोटाकडे गेली आणि तिथेच थांबली.

समोर धान्याचं दुकान होतं. आम्ही चौघं रस्ता ओलांडून गेलो. ताईला पेटी घेतलेल्या भावासकट दारात पाहून दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं. तो परवाना काढायला धावला. ताईने आधी आपली वजनं ठेवून त्याचा काटा पडताळून घेतला. न पडताळलेल्या काट्यावर ती कोणालाच उभं करत नाही. काटा खरा निघाला. दुकानदाराने घाम पुसला. मग मिस्त्री चपला काढून वर चढले.

साडेअठ्ठ्याऐंशी.

मी हसणार होतो, पण मिस्त्रींच्या पत्नीकडे पाहिलं आणि थांबलो. त्या रडवेल्या झाल्या होत्या. सात वर्षांपूर्वी मिस्त्रींनी तंबाखू सोडली होती. तोंड रिकामं राहीना म्हणून शेंगदाणे आले आणि शेंगदाण्यांच्या मागोमाग पोट आलं. त्या सांगू लागल्या. "पँट घट्ट व्हायला लागली की मी रात्रीतून कमरेला अर्धा इंच सोडायचे. शर्टाची शिवण उसवून परत घालायचे. यांना कळू दिलं नाही. कळलं असतं तर शेंगदाणे सुटले असते आणि पुन्हा तंबाखूची डबी हातात आली असती." त्यांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. "मापं मीच घेत होते हो. पँटचीही आणि गाडीचीही. पण माझ्या लक्षात आलं नाही."

शिवण सोडता येणारी बायको घरात नसती, तर मिस्त्रींना आपलं वाढतं वजन पहिल्या वर्षीच कळलं असतं. दुसऱ्या कुठल्याही घरात ही चूक झाली नसती. आणि ती करणाऱ्या बाईला नावं ठेवायला माझी जीभ उचलली नाही, यातच काय ते समजा.

मिस्त्री काट्यावरून उतरले. बायकोवर चिडले नाहीत. तिच्याकडे पाहून एवढंच म्हणाले, "म्हणजे सात वर्षं." मग चपला पायात घालून गॅरेजवर परत आले आणि ताईला म्हणाले, "तुम्ही बसा. मी खाली बसतो."

मी पुढे, ताई मागे, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मिस्त्री जमिनीवर मांडी घालून टेप धरून बसले. दुसऱ्या खाचेवर दोन बोटं भरली. चाकातली हवाही त्यांनी ताईच्या हिशोबाने थोडी कमी केली. आम्ही टाकीपर्यंत गेलो. तीन गतिरोधक, गटाराचं झाकण, खडी. मी आरशातून ताईचा चेहरा बघायचा प्रयत्न करत होतो, पण आरशात मला फक्त तिचा खांदा दिसत होता. परत आल्यावर ती उतरेना. मिस्त्री, त्यांच्या पत्नी, मी, तिघंही तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"अजून एकदा जाऊन येऊ या," ती म्हणाली.

दुसऱ्या फेरीनंतर मी मिस्त्रींची माफी मागितली. ती त्यांच्या कानापर्यंत पोचली की नाही कोण जाणे. ते भलत्याच विचारात होते. त्यांनी ताईला विचारलं, की तुम्हाला एखादा काटा खोटा सापडला, तर त्यावर आधी जे विकलं गेलं त्याचं काय करता?

ताई म्हणाली, जे विकलं ते परत येत नाही. काटा तेवढा त्याच दिवशी बंद करायचा.

"माझं परत येतं," मिस्त्री म्हणाले. "रोज सकाळी चौकातून जातं."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले असतील. सात वर्षांत किती गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या असतील, त्यांनाच ठाऊक. आणि एकाही मागे बसणाऱ्याने तक्रार केली नव्हती. जाडे लोक खूश होते. बारक्या लोकांना वाटलं असणार की मागची सीट असतेच अशी, किंवा आपलीच पाठ आता म्हातारी झाली. माझ्यासारख्या माणसाने तोंड मिटून घेतलं असतं. छापून गेलेल्या पुस्तकात चूक दिसली की मी ते पुस्तक कपाटात मागच्या रांगेत ठेवतो, हे आज कबूल करून टाकतो.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चौकात जाऊन उभे राहिले. ऑफिसच्या वेळेला सिग्नलला गाड्या थांबल्या की ते मागून रांगेत शिरायचे आणि वाकून नटांवरचे पिवळे ठिपके शोधायचे. ठिपका दिसला की गाडीवाल्याला नाही, मागे बसलेल्या माणसाला नमस्कार करायचे आणि सांगायचे, की तुमची गाडी मी बसवलीय, ती चुकलीय, संध्याकाळी तुम्ही स्वतः या, तुम्हाला बसवून परत लावून देतो. लोकांना आधी कोणी वेड लागलेला माणूस वाटला. एका गाडीवाल्याने तर हॉर्न दाबून धरला. पण संध्याकाळी मी मुद्दाम गॅरेजवरून चक्कर मारली, तेव्हा शेडच्या बाहेर एक सून आणि सासू, एक शाळेतल्या बाई आणि काठी घेतलेले एक आजोबा आपापल्या गाडीच्या मागच्या सीटवर बसायला रांगेत उभे होते. मालक मंडळी बाजूला आपल्याला कोणीच काही विचारत नाही म्हणून गोंधळलेली. मिस्त्री मांडी घालून खाली, आणि त्यांच्या पत्नी एकेकाला विचारत होत्या, "कुठे लागतं? कमरेत की मानेत?"

सहज म्हणून मी आदल्या दिवशीच्या माझ्या बडबडीबद्दल पुन्हा काही बोलायला गेलो. मिस्त्रींनी हातानेच मला बाजूला हो म्हणून खुणावलं. मी त्यांच्या उजेडात उभा होतो.

एक तारखेला सकाळी ताई आणि मी निघालो. पेटी टाकीवर. ताईने आठ महिन्यांत बाजारात कोणी काय काय दिवे लावले असतील याची यादी केली होती आणि सुरुवात तेलाच्या मोठ्या व्यापाऱ्यापासून करायची होती. त्याचा काटा कसा आहे, त्याने सीलला कसा हात लावला असणार, तो आधी चहा मागवेल आणि मग गावाला गेलेल्या पुतण्याचं नाव पुढे करेल, हे सगळं ती मला मागून सांगत होती.

चौकात सिग्नल हिरवा होता. मिस्त्री कडेला उभे होते, सदऱ्याच्या खिशात शेंगदाण्यांऐवजी टेप. मी हात करणार होतो, पण त्यांनी आमच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर आमच्या मागच्या चाकावर होती. चौकाच्या मधोमध एक झाकण खचलेलं आहे, ते मला चुकवता आलं नाही. चाक त्यात गेलं आणि वर आलं. मिस्त्रींनी मान फिरवली आणि आमच्या मागच्या गाडीकडे वळले.

मी घाबरत घाबरत ताईला विचारलं, "आत्ताचा लागला का?"

"कुठला?" ती म्हणाली, आणि व्यापाऱ्याच्या पुतण्याबद्दल पुढे सांगू लागली.